अर्धी प्रदक्षिणा

दहिसरला नदीच्या बाजूला, दोन नव्या टॉवरांच्या मध्ये, शंकराचं एक लहान देऊळ आहे. वाचनालयातून निवृत्त झाल्यापासून श्रावणात दर सोमवारी मी तिथे अर्धा तास बोलतो. नंदी, कासव, पिंडी, कशाचा काय अर्थ, ते सांगतो. आठ-दहा माणसं असतात. आपण सांगतो ते बरोबर आहे याची मला कधीच खात्री नसते.

त्या सोमवारी विषय प्रदक्षिणेचा होता. अभिषेकाचं पाणी गाभाऱ्याबाहेर येतं ती पन्हळ म्हणजे सोमसूत्र. शंकराला प्रदक्षिणा घालताना तिथपर्यंत जायचं आणि ती न ओलांडता परत फिरायचं. मी म्हटलं, "जे अनंत आहे त्याला पूर्ण फेरी घालता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाकी ती दगडाची पन्हळ आहे."

माणसं गेल्यावर माझी बायको रुक्मिणी प्रदक्षिणेला निघाली. तिचे गुडघे दुखत होते.

"अहो पंडित, मग मी सरळ पलीकडे गेले तर चालेल? तेवढीच चाल वाचेल."

"चालेल की."

"नक्की? का आपलं नेहमीचं 'बहुधा'?"

पुजारी दत्ताराम हसला. म्हणून मी म्हणालो, "नक्की."

देवळाची फेरी वीस-बावीस पावलांची. ती दुसऱ्या बाजूने आली तोवर दत्तारामने समई घासून पुसून परत लावली होती.

"चला," ती म्हणाली.

रिक्षात तिने गुडघा चोळला नाही. पुढचे चार दिवस ती मला पंडित म्हणाली नाही, एकदाही चिडली नाही. मालाडहून मुलगी आली, जान्हवी.

"आई काय झकास दिसतेय! बाबा, तुम्ही पण ना, उगाच टेन्शन घेता."

असेल, मला वाटलं. खरं तर मला कसलीच खात्री वाटत नव्हती.

शुक्रवारी दुपारी मी एकटाच देवळात गेलो. दत्ताराम जेवायला गेला होता. मागच्या बाजूला पावलं वाजली. एक पाय ओढत होता. पन्हळीपाशी येऊन ती थांबली आणि परत फिरली.

मी मागे गेलो. कोणी नव्हतं. पन्हळीच्या अलीकडे ओले ठसे होते, एकावर एक, कितीतरी. रुक्मिणीच्या उजव्या पायाची करंगळी जमिनीला टेकत नाही. ठशांत चारच बोटं होती.

पावलं पुन्हा आली.

"अहो," अगदी जवळून. "दमले हो मी. कुठून येऊ?"

ओलांडून ये म्हणावं? की तशीच परत फिर?

पुन्हा चुकलो तर?

मी पन्हळीच्या कडेवर हात टेकवून उभा राहिलो.

पावलं फिरली.

घरी ती खिडकीशी बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. कुठे गेलो होतो ते मी सांगितलं नाही.

"आता देवळात जाऊ नका," मान वर न करता ती म्हणाली. "दोन-चार दिवसांत थांबेल ती."

"बरं," मी म्हणालो, आणि तिच्या शेजारी शेंगा सोलायला बसलो.