सायीची वाटी

मांजराला काही शिकवता येत नाही म्हणणाऱ्यांना मी वडनेरात बसल्या बसल्या खोटं पाडलं होतं. जनावरांच्या दवाखान्यात तीस वर्षं नोकरी झाली. जनावराच्या बाबतीत मला कुणी गंडवू शकत नाही, ही माझी घमेंड. मांजराला एकच कळतं, केलं की मिळतं. मारून उपयोग नाही. हवं त्याच्या जवळपास गेलं की लगेच चाटायला द्यायचं. उद्या आणखी एक पाऊल पुढे गेलं, तरच द्यायचं.

विमलाला, माझ्या बायकोला, पोळ्याच्या सुमारास लकवा मारला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. डावा हात तेवढा राहिला. मग मी आमच्या पांढऱ्या मांजरीला, बोंडीला, शिकवलं. विमलाने चमच्याने स्टीलची वाटी वाजवली की मागच्या गोठ्यात येऊन माझ्या पायाला डोकं घासायचं. मी विमलापाशी जायचो, बोंडीला बोटभर साय.

विमलाचं अंग पुसायला येणारी सुंदराबाई म्हणायची, "भाऊजी, तुमची बायको मांजरीच्या तोंडानं बोलून राह्यली."

विमला अर्ध्या तोंडाने हसायची. ते हसू बघायला मी उगाच गोठ्यात जाऊन बसायचो.

दिवाळीनंतर दुसरा झटका आला. डावा हातही गेला, राहिले फक्त डोळे. ती वाटी मला बघवेना. नजरेआड करायची वस्तू आमच्याकडे कापसात खुपसतात, आणि पुढच्या खोलीत वेचणीचा कापूस आढ्याला टेकला होता. खांद्यापर्यंत हात घालून मी वाटी-चमचा आत सोडून दिला.

चार दिवसांनी, भर दुपारी, बोंडीने गोठ्यात येऊन माझ्या पायाला डोकं घासलं.

सवय, दुसरं काय. तरी आत गेलो. विमलाचे हात गोधडीखाली ठेवले तसेच होते. सुंदराबाई मात्र मांजरीकडे बघत होती.

"भाऊजी, हिले साय कोण देऊन राह्यलं?"

"कोणी नाई."

"मंग मिशीले काय लागलं?"

बोट लावून पाहिलं. साय होती, कोमट. आमचं दुधाचं पातेलं जाळीच्या कपाटात होतं, कडी लावलेली, आणि दूध थंडगार.

त्यानंतर बोंडी माझ्याकडे आली नाही. कापसाच्या खोलीतून वाटी वाजायची. एवढ्या कापसातून आवाज दबून यायला हवा. तो अंगणात वाजावा तसा स्वच्छ यायचा. सोमवारी बोंडी विमलाच्या खोलीच्या उंबरठ्यापर्यंत गेली. मंगळवारी खाटेखाली. बुधवारी पायथ्याशी चढून बसली, गुरुवारी गुडघ्यांवर. दरवेळी कापसात परतायची आणि मिशा चाटत बाहेर यायची. मी सगळा कापूस उपसला, पुन्हा भरला. वाटी सापडली नाही.

रोज एक पाऊल. पद्धत माझीच होती.

शुक्रवारी ती विमलाच्या पोटावर बसली, तोंडाकडे तोंड करून. विमलाचे डोळे माझ्याकडे वळले, कडांतून पाणी ओघळत होतं. आता छाती, आणि मग तिचं नाक-तोंड. मी बोंडीला खाली ढकललं आणि हमसून हमसून रडलो.

शनिवारी सकाळी बोंडीला पोत्यात घातलं, मोटारसायकलने पार सेलूपलीकडे नेऊन सोडलं. एवढ्या दुरून मांजर परत येत नाही. दुपारी घरी आलो तेव्हा सुंदराबाई विमलाजवळ बसली होती.

"बरं केलं, भाऊजी. आता तुमी बी घडीभर पडा. मी घरून चक्कर मारून येतो."

ती गेली. मी गोठ्यात जाऊन बसलो. कितीतरी दिवसांनी घर शांत होतं.

वाटी वाजली.

मी जागचा हललो नाही. निदान मला तसं वाटलं.

पुन्हा वाजली.

"भाऊजी?"

सुंदराबाई दारात उभी होती. आत यायला तिचा पाय उचलत नव्हता.

"भाऊजी, असे काऊन बसले?"

मी खाटेच्या पायथ्याशी होतो, पाय पोटाशी घेऊन. सदऱ्याला, केसांना कापूस चिकटला होता. विमला माझ्याकडे बघत होती, बोंडीकडे बघायची तशी.

मी मिशीवरून जीभ फिरवली. साय अजून कोमट होती.