शेजारची बाटली

चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत एक जुनी रीत होती. नव्याने रुजू झालेल्या माणसाने पहिल्याच दिवशी आपल्या दंडाच्या त्वचेचा तिळाएवढा तुकडा द्यायचा. त्यातल्या पेशी बाटलीत वाढवायच्या आणि रोग्यांच्या पेशींशी ताडून बघायला ‘निरोगी’ म्हणून वापरायच्या. तिथे संशोधन करणाऱ्या थोरलीने तशी आपली बाटली दिली होती. यंत्रं सांभाळणाऱ्या शीळबुवांनीही दिली होती. लिफ्ट सोडून चारही मजले शीळ घालत चढणाऱ्या या माणसाचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

थोरलीच्या धाकट्या भावाची बाटली तिथे आली ती रोगी म्हणून. पेशीत ऊर्जा तयार करणारं एक प्रथिन असतं, पाणचक्कीसारखं गरगर फिरणारं. धाकट्याचं ते घडतानाच वाकडं घडलं होतं. चक्की अडायची. विशीतल्या पोराला पेला उचलताना धाप लागायची. डॉक्टरांनी वर्षभराची मुदत सांगितली होती, आणि त्यातले आठ महिने हां हां म्हणता सरले होते.

सोमवारी तिने भावाच्या आणि स्वतःच्या पेशी यंत्रात घातल्या. पेशी जितका प्राणवायू ओढतील तितकी पडद्यावरची रेघ झपाट्याने उतरते. धाकट्याची रेघ एरवी मेल्यासारखी आडवी असायची. आज ती धाडकन उतरली. थोरलीची जेमतेम हलली.

बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असणार. दुसऱ्यांच्या असल्या चुकांवर तोंडसुख घेणारी ती, मनातल्या मनात ओशाळली. पण तपासलं तर चिठ्ठ्या बरोबर होत्या. धाकट्याचं प्रथिनही होतं तसंच वाकडं होतं. तरी चक्की फिरत होती.

त्या संध्याकाळी घरचं दार धाकट्यानेच उघडलं.

“ताई, पळत आलीस की काय? केवढी धाप लागलीय तुला!”

पेशी उबेत वाढवणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये आठवडाभर दोघांच्या बाटल्या एकाच फळीवर शेजारी शेजारी होत्या. झाकणं घट्ट, मधे काच. इकडचं तिकडे जायला वाव नव्हता. तरीही तिने त्या लांब ठेवून पाहिल्या. दुसऱ्या दिवशी ती खडखडीत बरी झाली आणि धाकट्याला उशीवरून मान उचलवेना. तिने बाटल्या पुन्हा जवळ आणल्या. धाकट्याने आपले केस आपण विंचरले, आणि ती प्रयोगशाळेच्या जिन्यात दुसऱ्या मजल्यावरच मटकन बसली.

“अगं, चेहरा पांढराफटक पडलाय तुझा,” मागून येणारे शीळबुवा म्हणाले. “दे ती पिशवी इकडे. आणि डॉक्टरला दाखव आजच्या आज.”

पिशवी घेऊन ते शीळ घालत वर गेले. त्यांच्या शिळेची चाल नेहमी एकाच जागी घसरायची. मग ते स्वतःशीच हसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. ती पायरीवर बसून ऐकत राहिली. केवढा दमदार माणूस!

आपणच गेलो तर धाकट्याला कोण बघणार, हा विचारही तिच्या मनात आला. पण तो नंतर आला.

गुरुवारी सकाळी तिने आपली बाटली वरच्या फळीवर सरकवली आणि धाकट्याच्या शेजारी शीळबुवांची ठेवली. मग इन्क्युबेटरचं दार नीट लावून घेतलं.

शुक्रवारी जिन्यात शीळ नव्हती.

पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबली. मग तिसऱ्यावर.

“पायऱ्या वाढवल्यात का गं कुणी?” दाराची चौकट धरून शीळबुवा हसायचा प्रयत्न करत होते.

“बसा,” ती म्हणाली. तिने स्टूल सरकवलं, पाणी दिलं.

बाटलीला हात लावला नाही.

संध्याकाळी ती घरचा जिना न थांबता चढली. दार उघडंच होतं. धाकटा बेसिनपाशी उभा राहून आपला पेला आपण विसळत होता. शीळ घालत होता.

त्याला शीळ कधीच घालता येत नव्हती.

चाल मधेच एका जागी घसरली. तो स्वतःशीच हसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.