उसनी चव

दुपारी हॉटेल बंद असताना ती भांडं विसळून पाणी फेकायला मागच्या दारी आली, आणि नेमका तेव्हाच आत शिरणाऱ्या माणसाचा पांढराशुभ्र शर्ट चिंब झाला.

"सगळ्यांचं स्वागत असंच करता का?"

"पुढचं दार सोडून मागून घुसणाऱ्यांचंच," ती म्हणाली, पण कान लाल झाले होते.

तो वाइनचा विक्रेता. दादाने बोलावलेला. हॉटेल दादाचं असलं तरी स्वयंपाकघरात सत्ता हिची, त्यामुळे कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन, हे हिनेच ठरवायचं होतं. त्याने इटलीची एक लाल वाइन ग्लासात ओतली. पहिल्याच घोटाला तिचं तोंड वाकडं झालं.

"कशी लागते?"

"उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखी! जीभ टाळ्याला चिकटली माझी."

"अजून?"

"अजून... सुकलेली चेरी. आणि मागून, नव्या चामड्याचा वास."

तो ऐकत राहिला. दादा तर तिचं वाक्य कधी पुरं होऊ देत नसे. हा मात्र एकेक शब्द जपून ठेवावा तसा ऐकत होता.

मग दर आठवड्याला तो येऊ लागला. माशाबरोबर ती वाइन लोखंड चाटल्यासारखी लागली. तिखट रश्श्याबरोबर तर तोंडाची नुसती आग झाली. शेवटी तिने मंद आचेवर तासन् तास शिजवलेलं, चरबीदार मटण समोर ठेवलं. एक घास, एक घोट... आणि सगळा तुरटपणा विरघळून मऊ झाला. त्यानेही तिच्याकडे बघत घास घेतला आणि डोळे मिटले.

"बघ, हिला फक्त सोबत हवी होती," तो म्हणाला.

"हिला?"

"वाइनला गं. तू का लाजतेस?"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

वाइनसोबतच्या या नव्या जेवणासाठी दादाने निवडक गिऱ्हाइकं बोलावली. विक्रेत्याचे साहेबही आले. तो उभा राहून बोलू लागला – चहा, चेरी, चामडं... सगळे तिचेच शब्द. ताटं वाढता वाढता ती मनात फुलून आली.

त्याने दुसरी बाटली उघडून ग्लासात ओतली. शेजारी वाकलेल्या तिच्या नाकात कुबट, ओल्या पुठ्ठ्याचा वास शिरला. बाटली नासली होती. त्याने मात्र ग्लास हुंगला, घोट घेतला, डोळे मिटले. "वा! काय चेरी आहे!"

साहेबांचा हात ग्लासाकडे वळला, तशी ती पुढे झाली. "थांबा! ही मी रश्श्यात घालायला बाजूला ठेवलेली. चुकून आली." आणि ग्लास, बाटली दोन्ही उचलून ती आत गेली.

पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला.

"तुला वास येत नाही," ती म्हणाली.

"वर्ष झालं. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. नोकरीच्या भीतीने बोललो नाही कुणाला."

"आणि मी?"

"सुरुवातीला... तुझे शब्द हवे होते. नंतर तू हवी होतीस. शपथ."

"मटण खाऊन डोळे मिटले होतेस, ते?"

"तुझा चेहरा बघून मिटले."

कालपर्यंत या उत्तरावर तिने जीव ओवाळून टाकला असता.

पुढच्या आठवड्यात तो रिकाम्या हाताने आला. साहेबांना त्याने स्वतःच खरं सांगितलं होतं. नोकरी गेली. आता बहिणीच्या गावी तिचं दुकान सांभाळणार होता.

"तू थांब म्हणालीस तर... थांबतो."

त्याचं प्रेम खोटं नव्हतं, हे तिला कळत होतं. पण आता त्याचं प्रत्येक बोलणं, प्रत्येक बघणं तिला पारखून घ्यावं लागलं असतं. त्या विचारानेच तिला थकल्यासारखं झालं.

"आधी सांगितलं असतंस ना," ती म्हणाली, "तर आयुष्यभर तुझ्यासाठी चव घेतली असती मी."

तो मान हलवून निघून गेला. 'थांब' तिच्या ओठांवर आलं, तोवर तो कोपऱ्यावरून वळलाही होता.

"कोण आलं होतं गं?" दादाने आतून विचारलं. "आपलं कुणी?"

"होतं," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.