मल्हारीचं लाल विमान

आमच्या मॉडेल विमानांच्या क्लबला पंचवीस वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, आणि क्लबचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. लिहिलेले कागद घेऊन मी अध्यक्षांकडं, विश्वजीतकडं, उस्मानपुऱ्यात गेलो.

पहिलंच पान वाचून त्यानं एक नाव खोडलं. "मल्हारी नको. क्लब मी काढला, असंच लिही."

"पण पहिलं विमान तर त्यानंच..."

"सुदर्शन, त्या दिवशी तूबी तिथंच व्हतास ना?"

मी कागद उचलले.

मल्हारी पिशोरचा, धनगराच्या घरातला. हलक्या लाकडाचं विमान असं कोरायचा, की हातात घेतलं तर पाखरू धरल्यागत वाटायचं. आम्हा सगळ्यांना उडवायला त्यानंच शिकवलं. वीस वर्षांपूर्वी स्पर्धेच्या सकाळी त्याचं लाल विमान हवेत होतं. त्या काळी एकाच फ्रिक्वेन्सीचे दोन रिमोट चालू झाले, की विमान कुणाचंच ऐकत नसे. विश्वजीतनं गाडीत बसून आपला रिमोट चालू केला. मल्हारीचं विमान पडावं, स्पर्धा आपण जिंकावी, एवढंच त्याच्या मनात होतं. पण विमान सुसाट आलं ते मल्हारीच्याच कपाळावर. तो जागेवरच गेला.

मी त्या गाडीला टेकून उभा होतो. सगळं बघितलं होतं. पोलिसांना म्हणालो, वारं लई होतं.

आताही मी नाव खोडलेलंच पान छापायला दिलं; स्मरणिका वर्धापनदिनानंतरच्या आठवड्यात निघणार होती.

वर्धापनदिनी सकाळी आठला आम्ही पडेगावच्या पुढच्या माळावर जमलो. कोवळं ऊन, वारं अजिबात नाही. विश्वजीत माईकसमोर उभा राहिला. "हा क्लब मी एकट्यानं..."

तेवढ्यात वर आवाज आला. हल्ली आमची विमानं बॅटरीवर उडतात, नुसती गुणगुणतात. हा जुन्या इंजिनाचा कर्कश आवाज होता. त्याच्या इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास हळूहळू माळावर उतरला.

"कोण उडवतंय? खाली घ्या!" विश्वजीत ओरडला.

कुणाच्याच हातात रिमोट नव्हता... विमान लाल होतं. मल्हारीचं. त्याचे तुकडे मी माझ्या हातानं गोळा केले होते.

डोक्यावर त्यानं एक संथ घिरटी घातली. विश्वजीत मंडपामागं पळाला, ते मागोमाग वळलं. तो गाडीत शिरला, काच वर घेऊ लागला.

"मल्हारी... नको रे... चुकलो..."

उरलेल्या फटीतून विमान आत घुसलं. आवाज थांबला.

आम्ही दार उघडलं. विश्वजीत स्टिअरिंगवर पडला होता, कपाळ फुटलेलं. विमानाची एक काडीसुद्धा गाडीत नव्हती.

त्याच दुपारी मी छपाई थांबवली. मल्हारीचं नाव पहिल्या ओळीत घातलं, स्पर्धेच्या त्या सकाळचं खरं सगळं लिहिलं, माझं खोटंसुद्धा. वाटलं, सुटलो.

आज सकाळी माझी बायको दीपमाला कपडे वाळत घालायला पुंडलिकनगरच्या आमच्या गच्चीवर गेली, अन् तिथूनच तिनं दबक्या आवाजात हाक मारली. "अहो... जरा वर या."

गच्चीवरच्या धुळीत छोट्या चाकांच्या दोन बारीक रेघा होत्या. कठड्यापासून निघून सरळ जिन्याच्या दारापर्यंत आलेल्या.

परत गेलेल्या नव्हत्या.