चिपळीनं हात खाली ठेवले तेव्हा

ये, अशी जवळ येऊन बस. मोबाइल उलटा ठेव. आज सांगते ती गोष्ट कॉमिकची आहे, गेमची आहे, आणि प्रेमाची तर आहेच... पण देव तिच्यात कुठून शिरतो, ते तूच बघ.

तेलुगू मुलखातल्या वांकिडी गावचे भगवंतबुवा दिवसा भाजी विकायचे, संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे. ते गेले, आणि त्यांच्या लेकीनं, सपनानं, त्यांच्या चिपळ्या कागदावर उतरवल्या. तिच्या कॉमिकची नायिका म्हणजे चिपळी. चिपळ्या वाजवत दैत्यासमोर उभी राहते, मारत मात्र कुणालाच नाही.

मंचेरियलच्या झेरॉक्सच्या दुकानात त्या कॉमिकचं एक पान मशीनमध्ये अडकलं. अर्धी चिपळी आत, अर्धी बाहेर. मागे उभा असलेला सुरेंद्र वाकून बघत होता.

"पुढं काय होते हिचं?"

"तुमी मागं सरकले तर कळंल ना!"

"सरकतो... पण हिची तलवार कुठं हाय?"

"तलवार नाही. चिपळ्या हायत."

"मंग दैत्य मरते कसा?"

"मरतच नाही. बसते आन् ऐकते."

तो हसणार होता — पण तिच्या डोळ्यांकडे पाहून थांबला.

सुरेंद्र गेम बनवायचा. चिपळीचा गेम करू द्या म्हणून मागे लागला. सपनानं एकच अट घातली, चिपळीच्या हातात हत्यार नको. मग पोरगा वांकिडीच्या देवळात कीर्तनाला यायला लागला.

"गेमसाठी येता का?"

"गेमसाठीच. तुमी समोरच बसता, त्याला मी काय करू?"

तिनं पदर सावरला, पण गालातलं हसू काही सावरता आलं नाही.

आणि मग आदिलाबादची, नव्या गेमची स्पर्धा आली. बाहेर पाऊस, आत गच्च भरलेला हॉल. पुढच्या रांगेत सपनाची आई, गयाबाई. खेळायला बसली होती सपना, शेजारी सुरेंद्र. पडदा उजळला. चिपळीच्या पाठीला तलवार होती.

"हे काय हाय, सुरेंद्र?"

"तू खेळ ना..."

पहिल्यांदाच त्यानं तिला 'तू' म्हटलं, आणि तेही अशा वेळी!

"काऊन दिली तलवार? माझ्या बाबाची चिपळी हाय ती!"

"खेळ, सपना. बस इतकंच मागतो."

दैत्य पुढे आला. एक फटका... दुसरा... चिपळीच्या जिवाची लाल रेघ सरसर आटत चालली. हॉल मराठीत, तेलुगूत ओरडत होता, "मार! मार! कोट्टू!" तिचा अंगठा बटणावर होता. दाबलं तर चिपळी जगते, आणि बाबा... बाबा दुसऱ्यांदा जातात.

सपनानं डोळे मिटले. रिमोट मांडीवर ठेवला आणि हात जोडले.

पुढचा फटका आलाच नाही.

तुला माहीत आहे ना, कीर्तनाच्या मध्यावर बुवा थांबतात, त्यांना हार घालतात, बुक्का लावतात, आणि तेवढा वेळ गजर श्रोते सांभाळतात? पडद्यावरची चिपळी हात खाली ठेवून तशीच थांबली. गेममधल्या गावातली माणसं घराबाहेर आली, कुणी तिच्या कपाळी बुक्का लावला. आणि गजर उठला... विठ्ठल, विठ्ठल! जरासा घोगरा, मध्येच खोकणारा आवाज.

दैत्यानं मांडी घातली.

"हा आवाज..." सपनानं डोळे उघडले.

"बुवांचाच. गयाकाकूंच्या मोबाइलमदला."

पुढच्या रांगेत गयाबाई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या.

"मंग तलवार?"

"स्पर्धावाले हत्याराशिवाय गेम घेणार नाही म्हणत होते. म्हणून ठेवली. पन जो हात खाली ठेवते, त्यालेच हे दिसते."

"आन् मी बटन दाबलं असतं तं?"

"तं मी समजलो असतो, इतकी कीर्तनं ऐकूनबी तू मले कळलीच नाही."

ती रडत हसली. "आता तं गेम झाला. आता कायले येशीन देवळात?"

"गेमसाठी कोण येऊन राह्यलं होतं, सपना?"

बक्षीस? ते गेलं एका बंदुकीच्या गेमला. जाऊ दे. पुढच्या कीर्तनाला बुवांच्या चिपळ्या सपनाच्या हातात होत्या, आणि सुरेंद्र टाळकऱ्यांत उभा होता, चुकीच्या ठेक्यावर!

हा गेम कधी तुझ्या मोबाइलवर आला आणि दैत्य अंगावर धावला, तर घाई करू नको, बाळा. हात खाली ठेव. आणि मधूनच खोकणारा तो गजर कानी पडला, की आमच्या भगवंतबुवांची एकदा आठवण काढ.