तीन संमती

न्यू ॲशफर्डच्या तुरुंगापुढे उभ्या असलेल्या पोलादी यंत्र-पहारेकऱ्यांच्या सावलीत एरवी कुत्री झोपायची. म्हातारे त्यांच्या हाताला पिशव्या अडकवून गप्पा मारायचे. आज तिथे दगडांचा वर्षाव चालला होता, एका शिपायाचा जबडा फुटला होता आणि पहारेकरी नुसते बघत उभे होते.

आत न्यायाधीश मृणाल घैसास होती. तिचा नवरा श्रीधर परवा स्वतःच्या दुकानात भोसकला गेला होता. संशयित डेल कोठडीत होता आणि जमावाला त्याला जिवंत जाळायचं होतं. खटल्याची गरज कोणालाच वाटत नव्हती.

"मॅडम, मी हुकूम दिलाय, नगरसभेनं मंजुरी दिलीय," शेरीफ म्हणाला. "तुमच्या संमतीशिवाय पहारेकरी गोळी झाडणार नाहीत."

काही वर्षांपूर्वी एका राज्यपालाने एकट्याच्या हुकमावर अशीच यंत्रं माणसांवर सोडली होती. मग लोकांना जुनी अक्कल आठवली. ती नेहमी प्रेतं उचलून झाल्यावरच आठवते. राजाला झुगारून दिलेल्यांनी फिलाडेल्फियात, भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घेऊन जी अमेरिकेची घटना लिहिली, तिचं सार एवढंच होतं: सत्ता एका मुठीत द्यायची नाही, मूठ सज्जनाची असली तरी. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, न्याय देणारे वेगळे. तेच आता पहारेकऱ्यांच्या यंत्रमेंदूत भरलं होतं: तिघांचीही संमती मिळाल्याशिवाय गोळी नाही.

"खून माझ्याच नवऱ्याचा झालाय, मी कशी संमती देऊ? दुसरे न्यायाधीश कुठे आहेत?" मृणालने विचारलं.

"वाटेत. फोनवरून संमती घ्यावी तर मनोरा या लोकांनी पेटवलाय. ते पोचेपर्यंत दार टिकणार नाही."

दाराला करवत लागली. फटीतून तिच्या दिराचा, अच्युतचा आवाज आला.

"वहिनी, संमती देऊ नका! दादाचं रक्त अजून फरशीवर आहे. त्या खुन्यासाठी आम्हाला मारणार?"

"भावजी, घरी जा. हात जोडते तुम्हाला."

"त्याला घेतल्याशिवाय नाही जाणार!"

डेलबद्दलच्या द्वेषाने मृणालचं तोंड कडू झालं होतं. नुसतं गप्प राहिलं तरी काम झालं असतं, आणि तिला कोणी बोलही लावला नसता. पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असा न्याय करायला ती त्या खुर्चीवर बसली नव्हती.

दार कोसळलं. पहिल्याच माणसाने शेरीफच्या डोक्यात गज घातला.

"संमती," मृणाल ओरडली.

गोळ्या थांबल्या तेव्हा उंबरठ्यात माणसं एकमेकांवर पडली होती. अच्युतचा गळा फाटला होता. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि जखमेवर दोन्ही हात दाबून धरले. रक्त बोटांमधून येत राहिलं, मग यायचं थांबलं. ती मोठ्याने रडली.

कोठडीच्या गजांमागून डेलने घाबरत विचारलं, "माझा खटला तुम्हीच चालवणार?"

"नाही. ज्यात आपलं माणूस गेलंय, तिथे आपण न्यायाधीश व्हायचं नसतं. इथला सगळा कायदा त्यावरच उभा आहे."

डेल तिच्या मांडीवरच्या प्रेताकडे बघत होता.

"मग आत्ता न्यायाधीश कोण होतं?"