मांडणीची माती

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या घरात घडली आणि, खरं सांगायचं तर, माझ्याच हातानं घडली. म्हणूनच इतके दिवस लिहायचा धीर होत नव्हता.

आमचं गाव लेसोथोमध्ये, माफेतेंगपासून बसनं तासाभरावर. गेल्या वर्षीच्या ऑगस्टचा शेवटचा आठवडा. पीचची झाडं फुलली होती आणि वारा असा सुटला होता की अंगणात डोळे उघडवत नव्हते.

एक आधीच सांगते. यातलं सगळं दिवसाढवळ्या घडलंय. अंधाराला बोल लावायची सोयच नाही.

माझं नाव मालिनेओ, म्हणजे लिनेओची आई. आमच्यात लग्नाच्या दिवशीच सासरचे सुनेला असं नाव देऊन टाकतात. पोटात अजून काही नसतं, पण नाव तयार. मग जे पहिलं मूल होईल ते त्या नावाचं. मला दोन वर्षांनी मुलगी झाली, तीच लिनेओ.

आता त्या लिनेओचंच पहिलं बाळंतपण आलं होतं. पहिलं माहेरीच करायचं असतं. माझी एकुलती एक मुलगी, त्यात आधीचे दोन गर्भ तिसऱ्या महिन्यात गेलेले. यावेळी मूल हातात यावं, बाकी मला काही नको होतं.

तिच्यासाठी मी अंगणापलीकडची सासूबाईंची खोली काढली. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. खोली तशीच पडून होती. छपराला कोळ्यांची जाळी, भिंतीचे पोपडे निघालेले.

आणि समोरच्या भिंतीला ती मांडणी.

सासूबाईंनी ती स्वतःच्या हातानं घडवली होती. शेण-मातीची, भिंतीतूनच पुढे आलेली, तीन पायऱ्यांची. त्यावर त्यांच्या इनॅमलच्या ताटल्या उभ्या असायच्या. दर महिन्याला त्या मांडणी सारवायच्या. मला मात्र हात लावू द्यायच्या नाहीत.

"तुझा हात जड आहे," म्हणायच्या.

माझा स्वभाव असा, की घरात एक वस्तू वाकडी दिसली तर घास उतरत नाही. फोनवर घर आवरायचे व्हिडिओ बघून बघून डोक्यात भरलं होतं. फळांच्या खोक्यांच्या फळ्या घासायच्या, रंगवायच्या, भिंतीला ठोकायच्या. बाळाची दुपटी एका फळीवर, तेल-पावडर दुसरीवर. ती मातीची बोजड मांडणी मला नकोच होती.

शेजारची मांत्साबेंग दारात उभी राहून बघत होती.

"मोडतेयस? म्हातारी वरून बघत असेल हं."

"बघू दे. जिवंत असताना कौतुक केलं नाही, आता तरी करेल."

दोघी हसलो. मी पहार मारली.

वरच्या दोन पायऱ्या खडखडीत वाळलेल्या, ढेकळासारख्या सुटल्या. खालची मात्र जाड होती. तिच्या पोटात पहार गेली आणि... काहीतरी फुटल्याचा आवाज झाला.

एक लहान मडकं होतं. काखेत मावेल एवढं, तोंड मातीनं बुजवलेलं. आत नुसती काळी, मऊ माती. चाळल्यासारखी.

मला वाटलं, बियाणं ठेवलं असेल, कुजून गेलं.

आमच्याकडे जुनी माती कुणी फेकत नाही. जुना गिलावा भिजत घालायचा, त्यात नवी माती आणि ताजं शेण घालून तुडवायचं. मुरलेली माती भिंतीला घट्ट धरते. मांडणीची सगळी ढेकळं मी खड्ड्यात टाकली. ती मडक्यातली मातीही टाकली. एवढी बारीक माती नक्षीला सोन्यासारखी, वाया कशाला घालवू?

अनवाणी पायांनी तुडवायला लागले. शेण ताजं होतं, ऊन होतं, चिखल कोमट होता.

एकाच जागी पाय पडला की थंड लागायचं. विहिरीच्या पाण्यासारखं. मी जागा बदलली की तो गारवाही सरकायचा... पायाखाली यायचा.

वारा असेल, म्हटलं आणि काम उरकलं.

दोन दिवसांत चारही भिंती लिंपल्या. ओल्या गिलाव्यावर जेवणाच्या काट्यानं रेघा ओढून चौकटी-चौकटीची नक्षी काढली. मांडणीच्या जागी रंगवलेल्या फळ्या ठोकल्या. खोली अशी झाली होती की मीच दारात उभी राहून दहा वेळा बघितली.

त्या वाऱ्यात भिंती तिसऱ्या दिवशी वाळल्या. एक जागा सोडून.

फळ्यांच्या खाली, जमिनीपासून वीतभर वर. ताटाएवढा डाग. ओला... आणि हात लावला तर थंड.

सप्टेंबरच्या मध्यावर लिनेओ दवाखान्यात मोकळी झाली. मुलगा. तीन किलो शंभर ग्रॅम. नाव तिच्या सासरच्यांनी ठेवलं, तुमिसांग. मी दोघांना घरी आणलं, छपरात बोरूची काडी खोचली, म्हणजे आत बाळंतीण आहे हे येणाऱ्याला कळावं. त्या दिवशी मी रडले. आनंदानं रडले, लपवत नाही.

तीन आठवडे बरे गेले.

मग एका सकाळी मी अंगणात दुपटी धूत होते. तुमी माझ्या पाठीला बांधलेला, गाढ झोपलेला. त्याचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

आणि खोलीतून बाळ रडलं.

मी हात पाण्यातच ठेवून थांबले. मांत्साबेंगकडे कुणी पाहुणे आले असतील... पण आवाज आमच्याच दारातून येत होता. बारीक, दम लागल्यासारखा.

लिनेओ चुलीपासून पळत खोलीकडे निघाली.

"आले रे, आले!"

"लिनेओ! अगं, हा माझ्या पाठीवर आहे."

ती थांबली. माझ्या पाठीकडे बघितलं, मग दाराकडे. तिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग पडले होते. पान्हा फुटला होता.

"हो गं. मला वाटलं..." ती हसली. पण चुलीकडे परत गेली नाही. खोलीतच गेली.

त्यानंतर ती खोलीतून फारशी बाहेर येईना. मी आंबवलेल्या ज्वारीची पेज नेऊन द्यायची. दूध भरपूर होतं तिला, पण तुमी मात्र... मला त्याच्या मांड्या दिसत होत्या. कातडी सैल पडत चालली होती.

सहाव्या आठवड्यात दवाखान्यात वजन केलं. नर्सनं काटा दोनदा बघितला.

दोन किलो नऊशे.

"अंगावर पाजतेस ना?" नर्सनं विचारलं.

"दिवसभर पाजते," लिनेओ म्हणाली. "एक झोपला की दुसऱ्याला."

नर्स फॉर्म भरत होती. तिनं ऐकलं नाही. मी ऐकलं.

"दुसरा कोण?" परत येताना विचारलं.

"काय?"

"तू म्हणालीस, दुसऱ्याला."

"काहीही काय, आई! झोप नाही मला, बोलले असेन काहीतरी."

नर्सनं बजावलं होतं, पुढच्या आठवड्यात वजन वाढलं नाही तर बाळाला मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागेल. आणि खरं सांगते, तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं नाही की पुढचा आठवडा मिळेल.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पेज घेऊन गेले. दार ओढलेलं. आत गुणगुणण्याचा आवाज. मी हळूच ढकललं.

तुमी खाटेवर होता. एकटा. जागा. रडत नव्हता, नुसता छपराकडे बघत होता.

लिनेओ जमिनीवर बसली होती, त्या ओल्या डागाला छाती लावून. ब्लाउज उघडा. दोन्ही हात असे वळवलेले, की त्यात मूल असावं. हातात काही नव्हतं.

ती हलके हलके डुलत होती.

मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ताच डोळा लागलाय गं. आवाज करू नकोस."

माझ्या हातातलं भांडं पडलं. पेज सगळ्या जमिनीवर.

आणि भिंतीतून... रडणं सुरू झालं.

मी तुमीला उचललं, लिनेओला दंडाला धरून फरफटत माझ्या घरात आणलं आणि दाराला आतून कडी लावली. मग नवऱ्याच्या आत्याला निरोप धाडला. अलिना आत्या, माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. ऐंशी ओलांडलेली, पण जीभ तिखट आणि डोकं शाबूत.

ती खोलीच्या उंबऱ्यावरच थांबली. आत पाऊल टाकलं नाही.

"मांडणी कुठाय?"

"मोडली, आत्या."

"कुणाला विचारून?"

"चार वर्षं पडून होती हो. घाण दिसत होती."

आत्या मटकन खाली बसली. मग म्हणाली, "तुझ्या सासूचं नाव काय होतं?"

"मालेफा."

"म्हणजे लेफाची आई. मग लेफा कुठाय, पोरी? तुझा नवरा थोरला ना? त्याचं नाव मोएकेत्सी कसं?"

तीस वर्षं मी त्या घरात सून होते. तीस वर्षं त्यांना त्या नावानं हाक मारली. हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता.

"पहिला मेलेलाच जन्मला," आत्या म्हणाली. "तशा पोरांना मडक्यात घालून घरामागे सावलीत पुरतात. मालेफानं पुरू दिला नाही. मडकं छातीशी धरून दोन दिवस बसली. तिसऱ्या दिवशी बघतो तर तिच्या खोलीत मांडणी घडलेली. कुणी काही विचारलं नाही. तू त्या मडक्याचं काय केलंस?"

मी भिंतीवरच्या नक्षीकडे बघितलं.

"बोल ना गं!"

"तुडवलं, आत्या. चिखलात. भिंतीला लावलं."

तिनं डोळे मिटून घेतले.

"भिंत खरवडते," मी म्हणाले. "आत्ताच. सगळी खरवडते, तुम्ही सांगाल तिथं पुरते."

"चारही भिंती खरवडशील? माती-माती एक झालीय. त्यातला तो कुठला आणि शेण कुठलं, निवडून देशील मला?"



आत्यानं एकच सांगितलं. लेकीला आणि नातवाला आजच्या आज इथून काढ. बाळंतिणीनं तीन महिने माहेरी राहायचं असतं, ते पुरे व्हायचे होते, लोक नावं ठेवणार होते. ठेवू देत, म्हटलं. चारच्या बसनं दोघांना तिच्या सासरी धाडायचं ठरलं.

लिनेओ जायला तयार होईना. मी बॅग भरत होते, ती काढत होती.

"तुझं पोर मरतंय!" मी ओरडले. "दिसत नाही तुला?"

"दिसतंय! पण मी गेले तर त्याला कोण पाजणार?"

मी तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडत रडत बसमध्ये चढली. माफेतेंगच्या पुढे गेल्यावर, तिनं नंतर मला सांगितलं, एकदम अंग हलकं झालं आणि तिनं तुमीला पोटभर पाजलं.

तुमी वाचला. आता रांगतो. गोल गरगरीत झालाय. देवाची कृपा, दुसरं काय म्हणू?

पहिले नऊ दिवस खोलीतलं रडणं थांबलं नाही. मांत्साबेंगला ऐकू जायचं नाही, अलिना आत्यालाही नाही. फक्त मला. दहाव्या दिवशी मी कुदळ घेऊन आत गेले. डागासमोर उभी राहिले, कुदळ उचलली...

आणि मारवली नाही. एकदा फोडून झालं होतं माझ्या हातानं.

खाली बसले. आपण बसतो ना रडणाऱ्या पोराजवळ, तसंच. म्हटलं, "लेफा, उगी."

रडणं थांबलं.

तेव्हापासून रोज दुपारी जाऊन बसते. थोडाच वेळ. नवरा डिसेंबरात खाणीवरून सुट्टीला आला होता. भिंतीची नक्षी छान झालीय म्हणाला. आपण थोरले नाही, हे त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. मी बावन्न वर्षांची आहे. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या आठवड्यात छातीत ठणका लागला म्हणून दवाखान्यात गेले. तीच नर्स होती. तिनं तपासलं, आधी चकित झाली आणि मग हसली.

"घाबरू नका हो, आजी. दूध आलंय. होतं असं क्वचित, नातवाला सारखं छातीशी धरलं की."

मीही हसले. गोळ्या घेतल्या, घरी आले.

तिला सांगितलं नाही, की तुमी सहा महिन्यांपासून त्याच्या आईबरोबर सासरी आहे. आमच्या घरात आता बाळच नाही.